सुपाआडून

"पण तुम्ही त्यांना विचारता तरी काय, आक्का?"

शलाका नाईकवाडे टेकडी चढून आली ती हाच प्रश्न घेऊन. चपलासुद्धा धड काढल्या नाहीत. एक उंबऱ्याबाहेर, एक आत.

टेकडीखाली मुलींचं वसतिगृह आहे, तिथली ती समुपदेशक. मुलींनी मनातलं बोलावं आणि हिने ते ऐकून त्यांना आधार द्यावा, हे तिचं काम. तीन वर्षं झाली. काम जीव ओतून करते, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर उगीच रागवाल.

काशीआक्का टेकडीवरच्या मठात असतात. वय ऐंशीच्या पुढं, जीभ अजून विशीतली. मी त्यांचा शिष्य. म्हणजे स्वयंपाक करतो.

"कुणाला काय इचारलं मी?" आक्का म्हणाल्या.

"मुलींना. गुरुवारी दुपारी वर येतात, शेंगा फोडतात, तुमच्याशी बोलतात. खाली येतात तेव्हा चेहरे मोकळे झालेले असतात. मला दिसतं ते."

"मग बरंच की."

"बरंच आहे. पण हे होतं कसं, ते मला कळायला हवं. मी यासाठी शिकलेय, आक्का. आणि माझ्यासमोर आजवर एकही मुलगी गप्प राहिलेली नाही."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

आक्कांनी शेंग फोडली. दाणा खवट निघाला. तो त्यांनी माझ्या अंगावर टाकला, कारण शेंगा मी निवडून आणल्या होत्या.

"मग वर कशाला आलीस?"

शलाका खाली बसली. एवढ्यात तिच्या आवाजातली ऐट निम्मी झाली होती.

"रेवूमुळे."

रेवू नववीतली पोर. नाव मी बदललंय, तेवढं मलाही कळतं. मागच्या वर्षी तिची आई गेली ती नेमकी परीक्षेच्या दिवसांत. पेपर बुडू नयेत म्हणून घरच्यांनी आणि शाळेनं मिळून तिला चार दिवस काही कळूच दिलं नाही. चांगल्या मनानं केलं म्हणे. चांगल्या मनानं माणसं काय काय करून बसतात ते बघितलं की माझं डोकं फिरतं.

"सात वेळा बसले तिच्याबरोबर," शलाका म्हणाली. "पहिल्यांदा थोडं बोलली. नंतर दरवेळी एकच. ताई, आता बरं वाटतंय. ताई, तुमच्याशी बोललं की हलकं वाटतं. मी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं. आणि या महिन्यात ती दोनदा एसटी स्टँडवर सापडली. कुणाला न सांगता गेलेली."

"पळून चालली व्हती?"

"रेक्टरबाईंचं तेच म्हणणं आहे. शनिवारी वडील न्यायला येतायत. माझी सही झाली की तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळेल. एकदा गेली की परत येणार नाही, आक्का. घरचं रांधणं तिच्या गळ्यात पडेल आणि शाळा संपेल."

"तिला जायचं हाय?"

"तेच तर कळत नाही. विचारलं की म्हणते, तुम्ही म्हणाल तसं, ताई." तिचा आवाज चिरला. "माझ्याशी खोटं का बोलते ती? मी काय कमी केलं?"

आक्का शेंगा फोडत राहिल्या.

"तुम्हाला काय सांगते ती?"

"तिचं ती सांगंल. मी सांगायची न्हाई."

हे त्या इतक्या सरळ बोलल्या की शलाकाला वाईटही वाटून घेता आलं नाही.

"बोलताना कुठं बघती?" आक्कांनी विचारलं.

"माझ्याकडे. डोळ्याला डोळा भिडवून. ही चांगली खूण असते."

"काय बघती तिथं?"

"कुठे?"

"तुझ्या तोंडावर."

मला वाटलं, आता काहीतरी शिकलेलं उत्तर येईल. आलं नाही. त्या क्षणापासून ती मला आवडायला लागली.

"पहिल्यांदा बोलली म्हणालीस. तवा तू काय केलंस?"

"ऐकलं."

"आणि?"

"आणि... भरून आलं मला. येणारच ना. आई गेली त्या दुपारी ही पोर पेपर सोपा गेला म्हणून मैत्रिणींबरोबर हसत भेळ खात होती. तेच सांगत होती. मी काय दगड आहे?"

"दगड न्हाईस. मग तिनं काय केलं?"

"काही नाही. उठली आणि मला पाणी आणून दिलं. फार गुणी..."

शलाका तिथेच थांबली.

आक्कांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुरुवारच होता, मुली मागच्या अंगणात शेंगा फोडत होत्या. तिकडे तोंड करून हाक मारली. "रेवू. ये गं जरा."

रेवू आली. ओढणीत शेंगांची फोलपटं अडकलेली. ताईंना बघून दारातच थबकली, आणि आधी ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. आभाळ बघून बाया वाळवण आत घ्यायचं का ते ठरवतात ना, तसं.

"बरी आहे मी, ताई," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं. "चढून दमलात का तुम्ही?"

आक्कांनी माझ्यासमोरचं सूप उचललं. त्यातले दाणे माझ्या मांडीवर ओतले, माझी परवानगी न घेता, आणि रिकामं सूप शलाकाच्या हातात दिलं.

"धर."

"कुठे धरू?"

"तोंडासमोर. वर घे. अजून. हां. आता मान हलवायची न्हाई, हूं म्हणायचं न्हाई, च्च च्च करायचं न्हाई."

रेवूला हसू फुटलं. मलाही आलं, का नाही येणार. एवढी शिकलेली बाई, आणि खांद्याच्या वर नुसतं सूप.

"रेवू, ताईंना तुला एक इचारायचं हाय. सांगू वाटलं तर सांग. न्हाई वाटलं तर शेंगा फोड. दोन्ही चालंल."

रेवू सुपासमोर बसली. मी उठून जायला हवं होतं. पण मला कमी ऐकू येतं असा मठात समज आहे, आणि मी तो कधी मोडलेला नाही.

सुपाआडून आवाज आला. "रेवू... तू स्टँडवर कशाला जातेस?"

रेवूनं शेंग घेतली. फोडली. दुसरी घेतली. तीही फोडली.

तिसरी हातातच राहिली.

"रडायला."

सूप हललं. आक्कांनी एक बोट लावून ते थोपवलं.

"खोलीत रडले की सगळ्या मुली रडतात. घरी रडले की बाबा ताटावरून उठतात. आणि तुमच्याकडं..." ती सुपाकडे बघत राहिली. सुपावर काहीच दिसत नव्हतं. "तुमच्याकडं रडले की तुम्हाला त्रास होतो. तुम्ही चांगल्या आहात, ताई. स्टँडवर मला कुणी ओळखत नाही. लोकांना वाटतं, कुणाला तरी सोडायला आली असेल. तिथं पोटभर रडते आणि परत येते."

हातातली शेंग तिनं फोडली.

"दोन्ही वेळा मी परतच येत होते. कुणी विचारलंच नाही, जातीयस की येतीयस."

दाणे मुठीत धरले.

"मला घरी नाही जायचं. मला दहावी करायचीय."

एवढं बोलून ती रडली. आवाज न करता नाही, चांगलं मोठ्यानं. मागच्या अंगणातल्या मुली गप्प झाल्या.

आम्ही तिघांनी काहीही केलं नाही. सोपं वाटतं सांगायला. माझा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा मी तो मांडीखाली दाबून धरला.

सुपाआडून मग आवाज आला. ओला होता, पण पुसून घेतलेला.

"शनिवारी मी सही करणार नाही. रेक्टरबाईंना आज सांगते. बाबांशी बोलताना तू माझ्या शेजारी बस. काय सांगायचं ते तू ठरव."

रेवू ऐकत होती. तिला तो आवाज कळला असावा, कारण ती उठायला लागली, माठाकडे बघत. आक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस तू. पाणी येसबा आणंल."

येसबा म्हणजे मी. आणलं. दोघींनाही आणलं, आक्कांनी सांगितलं नसताना.

रेवू पाणी प्यायली, नाक पुसलं, मूठभर दाणे उचलले आणि मुलींकडे गेली. जाताना सुपावर टिचकी मारून गेली.

शलाकानं सूप खाली घेतलं. चेहरा ओळखू येत नव्हता, इतका तो रडलेला होता.

"आता दरवेळी सूप धरू का तोंडासमोर?"

"माझ्याकडं एकच हाय."

शलाका हसली. हसता हसता पुन्हा तिचे डोळे भरले. तिनं ते घाईघाईनं पुसले आणि आक्कांकडे बघितलं, आता खरंच काही विचारायचं आहे असं.

"मी अशीच आहे, आक्का. उद्या दुसरी मुलगी येईल, तिचं ऐकूनही मला असंच भरून येईल. एवढ्या वर्षांत मला ते जमलेलं नाही. सांगा, हे थांबवू कसं?"

आक्कांनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"थांबवू नको. तुझं रडू हितं घेऊन येत जा."