बांधावरचे भाऊबंद

जमिनीला अजून मोजणीचे दगड लागले नव्हते, त्या काळची गोष्ट. एका उघड्या बांधावर त्रिधारी निवडुंग एकटाच उभा होता. कुठून तरी कावळ्याने बी टाकलं आणि शेजारी फड्या निवडुंग उगवला. तेच जाड हिरवं अंग, तेच काटे, पानांचा पत्ता नाही.

त्रिधारी म्हणाला, "भाऊच दिसतोस की."

फड्या दोन दिवस बांध न्याहाळत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ आहे, तर निम्मा बांध माझा."

तेव्हापासून दोघं एकमेकांना काटे रुतवूनच बोलू लागले. शेवटी एका म्हाताऱ्या शेळीला पंच नेमलं. शेळी म्हणाली, "पंचाला आधी चव घ्यावी लागते." तिने त्रिधारीला चावा घेतला, तर पांढऱ्या चिकाने तिचे ओठ भाजले. फड्याला चावली, तर आत नुसतं बुळबुळीत पाणी.

ओठ पुसत ती म्हणाली, "तुमचं रक्तच वेगळं आहे. तुम्ही एका आईची लेकरं नाही. सारख्याच उन्हात पिढ्यान्‌पिढ्या पाणी जपत जगलात, म्हणून एकसारखे दिसता."

फड्या वरमला. "मग मी निघू का?"

"आता कशाला?" त्रिधारी म्हणाला. "भाऊ नाहीस ना, मग राहा की."

आजही दोघं त्या बांधावर खेटून उभे आहेत. बांधाच्या दोन्ही अंगांना ज्यांची शेतं आहेत, ते सख्खे भाऊ तेवढे एकमेकांशी बोलत नाहीत.