बांधाखालची कचेरी

सावकाश उतरा, पाव्हणं. पायरी निसरडी आहे, आणि बांधावरून खाली बघत चालणारा माणूस हमखास आपटतो. ते कौलारू दिसतंय ना, बांधाच्या अगदी पायथ्याशी? ती आमच्या पांढरतळ्याची सरकारी कचेरी. येणारा जाणारा हसतो. म्हणतो, काय येडं सरकार आहे, एवढं चांगलं टेकाड मोकळं सोडून खड्ड्यात जाऊन बसलंय! आधी तळं, मग बांध, मग कचेरी, आणि तिच्या मागं गाव. उद्या बांध फुटला तर पहिलं पाणी साहेबाच्या टेबलावर. हसा, माझं काही म्हणणं नाही. पण कचेरी तिथं चुकून बांधलेली नाही. आमच्या लोकांनी ती तिथं मागून घेतलीय.

मी हणमंता धोत्रे, वडार. तीस वर्षं या बांधाचा राखणदार होतो. आता घरी बसायचे दिवस, पण पाय इकडंच वळतात. ही गोष्ट मला माझ्या आज्यानं सांगितली, त्याला त्याच्या आज्यानं. खरंखोटं तळ्याला ठाऊक.

फार पूर्वी, म्हणे, सरकारवाडा त्या टेकाडावर होता. तिथं रंगो त्रिंबक नावाचे कमाविसदार राहायचे, म्हणजे सरकारचा इथला मोठा माणूस. वर ते आणि वारा, खाली गाव. माणूस वाईट नव्हता असंच सांगतात. लाच खात नसत, कुणाच्या पाठीवर कोरडे ओढत नसत. फक्त खाली उतरत नसत. दरसाल पावसाळ्याआधी सज्जातून बांधाकडं नजर टाकायची, ‘बांध पक्का’ असं लिहायचं, शिक्का मारायचा आणि कागद सुभेदाराकडं धाडायचा. आणि गावाचा त्या शिक्क्यावर एवढा भरवसा, की तळं तुडुंब भरलं तरी लोक निवांत घोरायचे. शिक्का झालाय ना, मग झालं!

तेव्हा बांध राखायला यल्लाबाई होती, आमच्याच वडारातली. नवरा मागं बांधाच्या कामावरच दगावलेला. एकुलती लेक गंगव्वा बाळंतपणाला आलेली, सहा दिवसांचं पोर कुशीत, आणि झोपडी बांधाच्या पायाशीच. आता बांध कुठलाही असो, थोडा पाझरतोच. पाझर नितळ असला तर भ्यायचं कारण नाही. गढूळ झाला तर समजायचं, पाणी आतून माती काढतंय, बांध पोखरला जातोय. वडाराच्या पोराला हे बोलता येण्याआधी कळतं. त्या साली भादव्यात तळं काठोकाठ होतं, आणि एका सकाळी यल्लाबाईला पाझर गढूळ दिसला.

तिनं तांब्या भरला आणि टेकाड चढली. देवडीवरचा शिपाई म्हणाला, "बस तिथं. सरकारांची पूजा चाललीय." मग जेवण. मग वामकुक्षी. उन्हं कलल्यावर कमाविसदार बाहेर आले आणि तांब्यात डोकावले. आता काय सांगू तुम्हाला! सकाळपासून तांब्या एका जागी बसलेला. गाळ सगळा तळाला गेला होता आणि वरचं पाणी आरशासारखं झालं होतं.

"अगं, नितळ तर आहे," ते म्हणाले. "उगीच गाव घाबरवू नकोस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बसणं. या खेपेला तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत तांब्या हलवला, पाणी चहासारखं झालं. शिपाई फिदीफिदी हसला. "सरकार, हिनंच माती कालवलीय." तुम्हीच सांगा, बाईनं करायचं काय? थांबली तर पाणी खोटं बोलतं, हलवलं तर ती खोटी ठरते. मला तर सांगतानासुद्धा संताप येतो. आणि गावात सांगावं तर गाव म्हणे, "शिक्का झालाय की, आक्का." लेक तापानं फणफणलेली, तिला घेऊन एकटीनं निघणं अवघड. आणि राखणारीच पळाली तर मागच्या साठ घरांना सांगणार कोण?

तिसरा दिवस बाजाराचा. वाड्यासमोर गाव जमलेलं. यल्लाबाई रिकाम्या हातानं वर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सरकार, बांध पक्का आहे ना?"

"माझा शिक्का आहे त्यावर."

"मग आजची बैठक माझ्या झोपडीपुढं मांडा. शिक्का तुमचा, तर जागा बी तुमची."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलली." मग दुसरा, मग तिसरा. पहिल्यांदाच गाव तिच्या बाजूनं बोललं, असं सांगतात. कमाविसदार हट्टाला पेटले. "मांडा रे बैठक!" गादी, लोड, छत्री, सगळं खाली आलं. पहिली घटका ऐटीत गेली. दुसरीला चुळबुळ सुरू झाली. मान सारखी मागं वळायला लागली. मागं तीस हात उंच माती, आणि तिच्यामागं अख्खं तळं! झोपडीत पोर रडलं तरी दचकायचे. मग गादी ओली लागली. त्यांनी हात टेकला आणि तळवा चिखलानं माखला. आज मध्ये देवडी नव्हती, शिपाई नव्हता, वाट बघणं नव्हतं. पाणी बांधातून निघालं ते थेट त्यांच्या हातावर आलं, आणि ते गढूळ होतं.

पागोटं तिथंच टाकून उठले. "गाव वर घ्या! माझ्या वाड्यात घ्या!" असं ओरडत त्यांनी बाळंतिणीची बाज स्वतः एका बाजूनं उचलली. सोवळंओवळं त्या दिवशी खालीच राहिलं. यल्लाबाई मात्र वर गेली नाही. तळ्यातलं पाणी उतरवायला बांधाच्या पोटातली मोरी उघडायला हवी होती, आणि तिचं जड लाकडी दार कसं उचलायचं ते तिलाच ठाऊक. तिनं मोरी उघडली, पाणी ओढ्याकडं धावलं, आणि तेवढ्या वेळात साठ घरं टेकाड चढली. मग बांध फुटला. माणूस एकच गेलं.

नवा बांध झाला तेव्हा गावानं अट घातली, बांध पक्का म्हणणाऱ्यानं बांधाखाली राहायचं. कमाविसदारांनी वाडा पाडला आणि त्याच दगडांची कचेरी बांधली, तिच्या झोपडीच्या जागी. मरेपर्यंत तिथंच राहिले. पावसाळ्यात त्यांना धड झोप लागत नसे म्हणे. कुणी हळहळलं तर म्हणायचे, "इतकी वर्षं मी निजलो नि ती जागली. आता उलटं होऊ द्या." गंगव्वाचं ते सहा दिवसांचं पोर, तो आमचा मूळ पुरुष.

राज्यं आली, गेली. आजही त्या कचेरीत पाझराचा तांब्या घेऊन कुणी आलं की त्याला बसवत नाहीत. रांग बाजूला होते, साहेब हातातलं काम टाकून उठतो आणि आधी तांब्यात बघतो.

पण आता टेकाडावर नवी इमारत मंजूर झालीय. कचेरी वर जाणार, गाव इथंच राहणार. आम्ही अर्ज दिला, आम्हालाही वर जागा द्या, नाहीतर तुम्ही खाली राहा. सहा महिने झाले, उत्तर नाही. तेव्हापासून मला घरात बसवत नाही बघा. दिवसातून चारदा येऊन पाझर बघतो.

परवा तांब्या भरून कचेरीत गेलो. नवे साहेब पोरसवदा आहेत, बरा माणूस. संगणकावर काही लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा काका, पाच मिनिटं."

मी बसलो नाही. उभ्या उभ्या तांब्या हलवत राहिलो. पाणी फरशीवर सांडलं, टेबलावर सांडलं, त्यांच्या कागदावर सांडलं, तेव्हा उठले. बघितलं. नितळ होतं, यल्लाबाईची कृपा.

"अहो, पाणी तर चांगलं आहे," ते म्हणाले. "मग एवढं हलवत कशाला होतात?"

म्हटलं, "साहेब, तुम्ही बसा म्हणालात ना, म्हणून."