सर्जेरावने खिडकी धरली

एका गावात एक भोळा गडी होता. नाव दणदणीत, सर्जेराव. पण माणूस गाईसारखा. सांगितलं ते करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा.

इंदूरच्या मामाने पोरीच्या लग्नाला म्हणून त्याला विमानाचं तिकीट पाठवलं. हे कळल्यावर त्याच्या आईने, येसाबाईने, त्याला जवळ बसवलं. तिचे गुडघे गेले होते. माहेरच्या जाखाईचा डोंगर चढणं आता तिच्या नशिबात नव्हतं आणि त्याची रुखरुख तिला जेवू देत नव्हती.

"लेका, विमान म्हणं जाखाईच्या डोंगरावरनं जातं. डोंगर आला की डोळे मिटून हात जोड माझ्या वतीनं. आणि कसा दिसतोय ते मला येऊन सांग. कळसाला रंग दिलाय का, तळ्यात पाणी हाय का, समदं."

"सांगतो आये," सर्जेराव म्हणाला.

शेजारचे पोपटनाना एकदा विमानात बसले होते. तेव्हापासून ते रस्त्याने चालतानाही वरच बघत. ते म्हणाले, "खिडकीची जागा धर, सर्जा. खिडकी न्हाई तर काय न्हाई."

जागा कशी धरायची हे सर्जेरावला कुणी शिकवायला नको होतं. सगळा जन्म एसटीत गेलेला. विमानतळावर माणसं रांगेने शिडीकडे निघाली, तसा तो पळत पुढे गेला. खांद्यावरचा टॉवेल काढला, गाठ मारली आणि दिला पहिल्या खिडकीवर फेकून. टॉवेल काचेवर आपटून खाली आला. त्याने परत फेकला.

"काच सरकवा की आतनं कुणीतरी!" तो ओरडला. "एकच माणूस हाय!"

विमानातली बाई धावत आली. "काका, इथे जागा फेकून धरत नाहीत. आधी गोड बोलून मागायची असते."

"मग द्या की."

"आता खिडक्या संपल्या."

सर्जेराव उजव्या बाजूला, वाटेलगतच्या खुर्चीवर बसला. मान लांब करकरून दमला, शेवटी खिडकीतल्या माणसाला विचारलं, "डोंगर आला का?"

"तो होय? गेला मघाशीच. डावीकडे होता."

सर्जेरावने मनात पक्कं केलं. गोड बोलायचं आणि डावीकडची खिडकी मागायची.

लग्न झालं. मामा सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेला. सर्जेरावने तिकीट देणाऱ्या बाईपुढे हात जोडले. "ताईसाहेब, तुमची पोरंबाळं सुखी राहोत. डावीकडची खिडकी द्या."

तिथे खिडक्या नसतात म्हटल्यावर तो डाव्या कडेच्या खुर्चीवर बसला आणि सिनेमा संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, डोंगर काय आला न्हाई."

मामाने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, डोंगर डावीकडं होता तो येताना. परत जाताना उजवीकडं येणार. जाताना समदं उलटं!"

"समदं?"

"समदं!" मामा वैतागून म्हणाला. इथेच मामाचं चुकलं.

परतीच्या दिवशी सर्जेरावने गोड बोलून उजवीकडची खिडकी मागितली. मिळाली सुद्धा! पण अंगात सदरा उलटा, डोक्यावर टोपी उलटी, आणि खुर्चीवर गुडघे टेकून स्वारी मागे तोंड करून बसलेली. मागच्या रांगेतलं तान्हं पोर त्याला बघून जे रडायला लागलं, ते थांबेना.

विमानातली बाई धावत आली. "काका, सरळ बसा. पट्टा बांधा."

"मामानं उलटं सांगितलंय."

"मामांचं मी बघते," ती बाई म्हणाली आणि तिने त्याला धरून सरळ बसवलं.

आता जागा बरोबर होती, काच लख्ख होती, ऊन स्वच्छ पडलं होतं. आणखी काय पाहिजे?

घरी येसाबाई उंबऱ्यात वाट बघत बसली होती. "खिडकी मिळाली?"

"मिळाली."

"डोंगर आला?"

"आला की! अगदी खिडकीला लागून आला."

म्हातारीचे डोळे भरून आले. "मग सांग की रे. कळस कसा हाय? तळं भरलंय?"

"ते कसं कळंल, आये? डोंगर आला की डोळे मिट म्हणलीस ना? मिटले. उघडले तवा विमान खाली उतरलं हुतं."

येसाबाई मटकन मागे टेकली. रडावं की हसावं तिला कळेना. "आरं, शेजारी कुणी असंल की! त्याला तरी इचारायचं!"

"त्यानं बी मिटले हुते. मीच वरडून सांगितलं, जाखाई आली, डोळे मिटा, हात जोडा. आपलीच माणसं, समद्यांनी मिटले."

"समद्यांनी?"

"विमान चालवणारा तेवढा राहिला," सर्जेराव हळहळत म्हणाला. "त्याला सांगाया उठत हुतो, पर तो पट्टाच सुटंना बघ."

येसाबाईने बसल्या जागी जाखाईला हात जोडले. डोळे मात्र उघडेच ठेवले.