हौदा कुणी उकरला

"आजून काय करू म्हंजे पोट घट्ट हुईल, वस्ताद?"

धैर्यशीलच्या आवाजात विनंतीपेक्षा तक्रारच जास्त होती. गेल्या जत्रेत परगावच्या पैलवानानं त्याला कमरेतून उचलून चितपट केलं होतं, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. यंदा पोटात ताकद आल्याशिवाय जत्रेला नाव द्यायचं नाही, अशी बाबालाल वस्तादांची ताकीद होती. त्यांचा शब्द तालमीत कुणी मोडत नसे.

"करतोस काय?"

"रोज पाचशे येळा पोटाचा व्यायाम. मोबाइलवर बघून."

"आन् खातोस?"

"दोन लिटर दूध, तूप, बदामाची थंडाई. मोठे पैलवान खात्यात तेच."

"हौदा कोण उकरतंय?"

धैर्यशील हसला. "बाकीचे उकरत्यात की. माती उकरून काय पोट कमवायचंय?"



सत्तरीचे वस्ताद उठले, खोरं घेऊन हौद्यात उतरले आणि कुस्तीची तांबडी माती खणून उलथू लागले. धैर्यशील खोरं घ्यायला धावला, तर वस्तादांनी नुसत्या नजरेनंच त्याला काठावर बसवलं.

तासाभरानं ते घामाघूम होऊन वर आले. धैर्यशीलसाठी घोटून ठेवलेल्या थंडाईचा तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"वस्ताद... माझी हुती ती."

"हौदा कुणी उकरला?"

धैर्यशीलचे कान तापले. राग आला, चांगलाच आला. पण पठ्ठ्या हट्टाला पेटला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी तोच हौद्यात. हातांना फोड आले. पोटाच्या अशा जागा दुखायला लागल्या, ज्या मोबाइललाही ठाऊक नव्हत्या. जेवढा हौदा उकरून होई तेवढीच थंडाई तो आता घेऊ लागला. अर्धा झाला, तर अर्धा तांब्या.

दोन महिने गेले. एका सकाळी वस्ताद हौद्यात उतरून त्याच्यापाशी उभे राहिले.

"काय रं धैर्या, झालं का पोट घट्ट?"

"बघितलं न्हाई, वस्ताद." त्यानं मान वर केली नाही. "जरा बाजूला व्हा. तुमच्या पायाखालची माती राहिलीय."

वस्ताद बाजूला झाले.

"जा. जत्रेला नाव दे."