मूठ माफ

“पण बारकीकडून मूठ मागायची कशी, आजी?”

लाडकीबाय टोपातली खिचडी ढवळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तिच्या घरात काही नाहीये. मी स्वतः डबे उघडून पाहिलेत.”

“लोकांचे डबे उघडतेस?”

मी चुलीत एक लाकूड सारलं.

पाड्यावर सतरा घरं. रोज सकाळी प्रत्येक घरातून एक मूठ येते. कुणाचे तांदूळ, कुणाची नागली. सगळं एका टोपात शिजतं आणि पाड्यातली सगळी पोरं एका रांगेत जेवतात. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावल्यावर ज्यांची खूण लाल रंगात येते, म्हणजे जी फार अशक्त, त्यांना आधी, आणि दोनदा.

हे लाडकीबायनं बसवलेलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून वजनांची वही माझ्याकडे आली. माझा नवरा इथल्या शाळेवर मास्तर. मी बालसंगोपनाची तीन पुस्तकं वाचलेली. एवढी पात्रता पुष्कळ झाली, असं मला वाटलं होतं.

पाड्यातली बारकी वीटभट्टीवरून परतली तेव्हा तिच्या लेकीची, साळूची खूण लाल रंगात होती. पोर दोन वर्षांची, वजन सहा किलो दोनशे. मीच बारकीला म्हटलं, “तुला मूठ माफ. नुसती हिला घेऊन येत जा.”

बारकीनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

आज नववा दिवस. मी खिचडीचा डबा घेऊन गेले की ती दारातच सांगायची, “जेवली ती.” काल मी हट्टानं आत शिरले आणि पट्टी लावली. दंड आणखी बारीक झाला होता. आकडा वहीत लिहायचा मला धीर झाला नाही.

“तिला दवाखान्यात न्यावं लागेल,” मी म्हटलं.

“नेऊ. पण आई तयार नाय, तिला इथं ठेवून नेशील?”

मी वही मिटून काखेत घातली.

लाडकीबायनं पळी टोपावर आडवी ठेवली. “चल.”

बारकी दारात बसली होती, साळू तिच्या मांडीवर. लाडकीबायनं पोरीकडे पाहिलंही नाही. बारकीपुढे हात पसरला.

“मूठ आण.”

बारकीनं माझ्याकडे पाहिलं. “या बायनं नको सांगितलंय.”

“ही कोण सांगणारी? टोप हिच्या बापाचा हाय?”

माझ्या तीन पुस्तकांत यावर प्रकरण नव्हतं.

“नाय काय घरात, आजी.”

लाडकीबायचा हात तसाच…

मला वाटलं, तो हात धरून खाली करावा. केला नाही.

बारकी उठली. साळूला कडेवर घेऊन घरामागं गेली. परतली तेव्हा मुठीत शेवग्याचा पाला होता.

लाडकीबायनं तो उलटसुलट करून पाहिला. “जून हाय. उद्या कवळा आण.”

“वरच्या फांदीचा आणते उद्या,” बारकी म्हणाली. आवाजात राग होता. नऊ दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

लाडकीबाय चालू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. बारकी साळूला घेऊन येत होती.

पाला सगळ्यांच्या देखत टोपात पडला. रांग बसली. साळूनं चार घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. बारकी थांबली. मग पाचवा. मग, बऱ्याच वेळानं, सहावा. बाकीच्या बाया आपापल्या पोरांकडे बघत होत्या. मोजत मी एकटीच होते.

“माझं चुकलं कुठं, आजी?” मी हळूच विचारलं. “मी तर तिचं ओझं कमी केलं.”

लाडकीबायनं चळतीतली एक ताटली उचलली, साळूच्या शेजारी ठेवली, आणि मांडीवर बसलेल्या माझ्या लेकीकडे, शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मली तिच्या बाटलीतलं उकळलेलं पाणी पीत होती.

“नको, नको,” मी म्हटलं. “ती घरी जेवते. आणि आमच्याकडून रोज दोन मुठी डाळ येतेच की.”

“इथलं कधीच नाय खात?”

“तिचं पोट नाजूक आहे…”

लाडकीबायनं ताटली उचलली, पदरानं पुसली आणि पुन्हा चळतीवर ठेवली.

“ज्याची मूठ टोपात, त्याचं पोर रांगेत. मग उद्यापासून तुझी डाळ नको, मास्तरीणबाय.”