अध्यक्षांची चढाई

तालुका कबड्डी संघटनेचे अध्यक्ष शहाजीराव कणसे यांनी जन्मात कधी चढाई केली नव्हती. पण अंतिम सामन्याआधी त्यांनी नवा नियम ठोकून दिला. यापुढे चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम धरायची गरज नाही! पंच सोपान हादरला, पण अध्यक्षांपुढे बोलणार कोण?

तेवढ्यात प्रेक्षकांतून गजराआत्या उठल्या. या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

“साहेब, मधली रेषा ओलांडून या, नियमाचं कारण एका दमात सांगा आणि परत जा. जमलं तर नियम मान्य.”

भाषणात कणशांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. ते हसतच रेषेपलीकडे आले.

“सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय आमदारसाहेब, कार्यसम्राट सभापती, माझे मार्गदर्शक...”

नावं काही संपेनात. चेहरा लालबुंद झाला आणि कारणापर्यंत पोचण्याआधीच त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला.

सोपानची शिट्टी वाजली.

आत्यांनी हात जोडले. “बघा साहेब, दमाचा नियम होता म्हणून तुम्ही बाद झालात. नाहीतर तुम्हाला मैदानाबाहेर काढायला आमच्याकडे दुसरा उपाय कुठला होता?”