कानात सांगितलेले शब्द

“आप्पा, मला दीक्षेचा कानमंत्र केव्हा देणार?”

चन्नय्या स्वामी मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दोन दाणे वीरेशच्या हातावर ठेवले.

“घाई आहे?”

“तिसऱ्यांदा आलोय पुण्याहून. एकदा ऐकलं की मला पाठ होतं. परीक्षा घ्या हवं तर.”

“बरं… तिकडं काम काय करतोस?”

कॉम्प्युटरवरचे हल्ले थोपवणं हे वीरेशचं काम. गेल्या आठवड्यात एका इस्पितळाची नोंदणी ठप्प झाली होती. लोकांच्या घरांतले हजारो कॅमेरे, वायफायचे डबे कुणीतरी लांबून ताब्यात घेतले होते आणि सगळे एकदम त्या इस्पितळावर सोडले होते.

“त्यातले काही तुमच्याच गल्लीतले, आप्पा. कॅमेऱ्यात चित्र नीट दिसतं, मग मालकाला काय कळणार?”

“आत शिरतात कसे?”

“पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो. कुणी बदलत नाही.”

“मग तू दे बदलून.”

“मी?… घरोघरी जाऊन?”

स्वामी शेंगा फोडत राहिले.

वीरेश कुरकुरतच उठला. संध्याकाळी परतला तो हसत. खिशात चिवडा, हातात केळी, कपाळावर कुणीतरी ओढलेली विभूती.

“पुण्यात मला हे लोक म्हणजे नुसते आकडे दिसायचे, आप्पा. आज जेवायलाच तीन घरी बसवलं.”

“आणि काम?”

“झालं. डबा बंद करून चालू केला की आत शिरलेलं निघून जातं. मग लगेच नवा शब्द घालायचा. मी म्हणत होतो, तुम्हीच टाइप करा, मी तोंड फिरवतो. कुणी ऐकेना. सुलोचनाकाकूंनी दार लावून माझ्या कानात सांगितला. जैनुद्दीनचाचांनी तर आधी चाचींना बाहेर पाठवलं.”

“ते का?”

“लाजत होते. शब्दच तसा होता. त्यांनी काय ठेवला, माहितेय? त्यांच्या…”

स्वामींनी चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

वीरेशने जीभ चावली. मग दोघांनाही हसू आवरेना. स्वामींच्या मांडीवरच्या शेंगा ओटाभर सांडल्या.

हसू ओसरलं तसं स्वामींनी विचारलं, “सगळ्यांचे शब्द लक्षात आहेत?”

“एकूण एक.”

स्वामी सांडलेल्या शेंगा गोळा करू लागले.

वीरेश पुढं सरकला. मान वाकवून त्याने कान स्वामींच्या जवळ नेला.

“आता द्या, आप्पा.”

स्वामी त्याच्या कानाशी लागले आणि हळूच म्हणाले,

“ते सगळे विसरलास, की ये.”